राजीनाम्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

"नाशिकजवळच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी 11 वर्षे 8 महिने सीएनसी मशीनवर कायम कामगार म्हणून काम केले. कारखान्यात साधारण 180 कामगार आहेत. गेल्या महिन्यात दुसऱ्या पाळीत टूल तुटल्यावरून सुपरवायझरशी माझी बाचाबाची झाली. माझा आवाज चढला आणि एक अपशब्द तोंडून गेला, हे खरे आहे. पण मी अंगावर धावून गेलो नाही आणि हातही उचलला नाही. दुसऱ्या दिवशी एचआरने बोलावून घेतले व त्यांनी सांगितलेल्या मजकुराप्रमाणे माझ्याकडून माफीनामा लिहून घेतला. चौथ्या दिवशी गेटवर सिक्युरिटीने बडतर्फीचे पत्र हातात दिले. 'शिवीगाळ करणे व वरिष्ठांच्या अंगावर धावून जाणे या गंभीर गैरवर्तनाची आपण लेखी कबुली दिली असल्याने चौकशीची आवश्यकता नाही', असे त्यात म्हटले आहे. आता एचआर म्हणते की मागील तारखेचा राजीनामा द्या, म्हणजे ग्रॅच्युइटी आणि दोन महिन्यांचा पगार देऊ. नाहीतर काहीच मिळणार नाही आणि पोलिसांतही तक्रार करू. युनियनच्या मागणीपत्रावर सह्या गोळा करण्यात मी पुढे होतो, त्याचा हा राग आहे असे मला वाटते. घरी दोन शिकणारी मुले आहेत. राजीनामा द्यावा का? माझे पैसे बुडतील का? आणि पुढे नोकरी मागायला गेलो तर काय सांगू?"

स. न. वि. वि.

तुमचे पत्र आणि सोबत जोडलेली बडतर्फीच्या पत्राची व माफीनाम्याची प्रत मी काळजीपूर्वक वाचली. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्याला थांबायला वेळ नाही. मागील तारखेच्या राजीनाम्यावर सही करू नका. आज तुमच्या हातात बडतर्फीचे पत्र आहे आणि ते कितीही बोचत असले तरी तुमचा सगळा दावा त्याच कागदावर उभा आहे. मालकाने तुम्हाला काढले, गैरवर्तनाचा आरोप ठेवून काढले आणि चौकशी न करता काढले, या तिन्ही गोष्टी मालकानेच सही-शिक्क्यानिशी लिहून दिल्या आहेत. मागील तारखेचा राजीनामा दिलात की कागदोपत्री तुम्हाला कोणी काढलेलेच नाही, तुम्ही स्वतःहून सोडून गेलात, असे चित्र तयार होते. त्यानंतर राजीनामा दबावाखाली घेतला हे सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येतो आणि बंद केबिनमध्ये दोन माणसांत झालेल्या बोलण्याचा पुरावा उभा करणे फार कठीण असते. हे उत्तर पोहोचेपर्यंत सही झालीच असेल, तर एक दिवसही न दवडता तो राजीनामा स्वेच्छेने दिलेला नाही व आपण तो मागे घेत आहोत असे पत्र स्पीड पोस्टने पोचपावतीसह पाठवा.

तुमच्या पत्रात एक समज ठिकठिकाणी डोकावतो, तो आधी दूर करायला हवा. 'गैरवर्तन' हा शब्द पत्रात लिहिला गेला की कामगाराचे सगळे हक्क संपले, असे तुम्ही धरून चालला आहात आणि एचआरलाही तुम्ही तसेच धरून चालावे असे वाटते आहे. प्रत्यक्षात गैरवर्तनाचा आरोप ठेवून काढलेल्या कामगाराच्या बाबतीत मालकावरची जबाबदारी वाढते. आरोप त्याने केला आहे, तेव्हा तो सिद्धही त्यानेच केला पाहिजे. नियमाने आधी आरोपपत्र द्यावे लागते व त्यात कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या ठिकाणी, नेमके काय घडले आणि कोणते शब्द वापरले गेले हे लिहावे लागते. खुलाशासाठी पुरेसा अवधी द्यावा लागतो. खुलासा समाधानकारक वाटला नाही तर चौकशी अधिकारी नेमून कामगारासमक्ष साक्षीदार तपासावे लागतात, त्यांची उलटतपासणी घेऊ द्यावी लागते, कामगाराला आपले साक्षीदार आणू द्यावे लागतात आणि चौकशी अधिकाऱ्याने कारणांसह निष्कर्ष लिहावे लागतात. अहवालाची प्रत कामगाराला देऊन त्यावर त्याचे म्हणणे ऐकल्याखेरीज शिक्षा ठरवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 1993 मध्ये स्पष्ट केले असून तो नियम खासगी आस्थापनांनाही लागू आहे. तुमच्या बाबतीत यांतले काहीच घडलेले नाही. घटना आणि बडतर्फी यांत चारच दिवस आहेत.

जुन्या कायद्याखाली महाराष्ट्रात 50 कामगारांच्या आस्थापनेलाही स्थायी आदेश, म्हणजे नोकरीच्या अटी व शिस्तीचे लेखी नियम, लागू होत आणि गैरवर्तनाची यादी व चौकशीची रीत त्यांत दिलेली असे. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि तिच्यात स्थायी आदेशांसाठी ही मर्यादा 300 कामगारांची आहे. तुमच्या कारखान्यात 180 कामगार आहेत, तेव्हा "आम्हाला स्थायी आदेश लागूच नाहीत" असे तुम्हाला सांगितले जाईल. घाबरू नका. आरोपीला ऐकून घेतल्याशिवाय शिक्षा देऊ नये हे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व स्थायी आदेशांतून जन्मलेले नाही. न्यायालये ते त्यांच्याशिवायही लावत आली आहेत. तुमच्या नेमणूकपत्रात किंवा युनियनशी झालेल्या करारात शिस्तभंगाच्या कारवाईविषयी काय लिहिले आहे तेही काढून ठेवा.

आता माफीनाम्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण मालकाची सगळी भिस्त त्यावर आहे. कामगाराने आरोप स्पष्टपणे, बिनशर्त आणि स्वेच्छेने कबूल केला असेल तर औपचारिक चौकशीची गरज उरत नाही, असे न्यायालयांनी मानले आहे. एचआरने माफीनामा आधी आणि बडतर्फी नंतर असा क्रम ठेवला आहे तो यामुळेच. पण तुमचा कागद नीट वाचला तर तो या कसोटीला उतरत नाही. कबुली द्यायची तर आधी आरोप समोर असावा लागतो. तुम्हाला आरोपपत्र मिळालेलेच नव्हते. मजकुरात "काल झालेल्या प्रकाराबद्दल मी माफी मागतो, माझ्याकडून असे वर्तन पुन्हा होणार नाही" एवढेच आहे आणि अंगावर धावून गेल्याचे एकच वाक्य शेवटी, दोन ओळींच्या मधल्या जागेत, बारीक अक्षरात घुसवलेले दिसते. ते वाक्य तुमच्याच हस्ताक्षरात आहे का, त्याच पेनाने लिहिले आहे का आणि तुमची सही त्याच्या आधीची की नंतरची, हे मला प्रतीवरून सांगता येणार नाही. मूळ कागद मालकाकडे आहे आणि तो न्यायालयात हजर करण्याची मागणी तुमच्या वकिलांनी पहिल्याच टप्प्यावर करावी. ज्या शब्दांत तुम्ही माफी मागितली, त्या शब्दांतून फार तर बाचाबाचीची कबुली निघते, हल्ल्याची निघत नाही.

या ठिकाणी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. अपशब्द तोंडून गेला हे तुम्ही मला प्रामाणिकपणे लिहिले आहे. तो प्रामाणिकपणा पुढेही सोडू नका. अनेक कामगार वकिलाकडे जाईपर्यंत खरे बोलतात आणि अर्जात मात्र "असा कोणताही प्रकार घडलाच नाही" असे लिहून टाकतात. मग शेजारच्या मशीनवरचा एक साक्षीदार येऊन अपशब्द ऐकल्याचे सांगतो आणि अर्जातल्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. जे झाले ते मान्य करा, कोणत्या परिस्थितीत झाले ते सांगा आणि जे झाले नाही ते ठामपणे नाकारा. अपशब्द वापरणे आणि अंगावर धावून जाणे हे दोन वेगळे आरोप आहेत आणि तुमच्या प्रकरणाचा निकाल बहुधा याच फरकावर लागेल.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून पाहिले तर मी हे का म्हणतो ते कळेल. 1982 मध्ये उत्तर प्रदेशातील एका कामगाराच्या प्रकरणात न्यायालयाने वरिष्ठांशी असभ्य व धमकीच्या भाषेत बोलल्याबद्दल झालेली बडतर्फी अप्रमाणशीर ठरवली आणि तिच्या जागी दोन वेतनवाढी रोखण्याची शिक्षा दिली. 2005 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका मोठ्या वाहन कंपनीच्या प्रकरणात मात्र वरिष्ठाला गलिच्छ शिव्या देणाऱ्या कामगाराची बडतर्फी त्याच न्यायालयाने कायम केली. खालच्या न्यायालयाने त्याला कामावर परत घेण्याचा आदेश दिला होता, तो रद्द झाला. तुम्हाला खोटी आशा लावावी असे मला वाटत नाही, म्हणून दुसरा निकालही सांगितला. शब्द कोणते होते, ते कोणासमोर आणि कशामुळे उच्चारले गेले, मागे कधी ताकीद मिळाली होती का, सेवा किती वर्षांची आहे, या सगळ्याचा विचार होतो. तुम्हाला जवळपास बारा वर्षांत एकही मेमो मिळालेला नाही असे तुम्ही लिहिता. त्या वर्षांतली वेतनवाढीची पत्रे, उपस्थितीचे बक्षीस, क्वालिटी सर्कलचे प्रमाणपत्र, घरातल्या फायलीत जे असेल ते एकत्र करा. ट्रंकेत पडलेले ते प्रमाणपत्र शिक्षेच्या प्रश्नावर मोलाचे ठरू शकते.

दाद मागण्यासाठी तुम्हाला दोन मार्ग आहेत आणि त्यांतला एकच निवडावा लागतो.

पहिला मार्ग महाराष्ट्राच्या स्वतःच्या कायद्याचा आहे. महाराष्ट्र कामगार संघटनांना मान्यता देण्याबाबत व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याबाबत अधिनियम, 1971 या लांबलचक नावाच्या कायद्याला कामगार क्षेत्रात सगळे 'पल्प' म्हणतात. नव्या संहितेने 1926, 1946 आणि 1947 चे तीन केंद्रीय कायदे रद्द केले. त्या यादीत हा राज्य कायदा नाही. त्याच्या चौथ्या अनुसूचीतील पहिली बाब जणू तुमचे पत्र वाचून लिहिल्यासारखी आहे. सूडबुद्धीने काढणे, उघडपणे खोट्या कारणांवरून काढणे, नैसर्गिक न्यायाची तत्त्वे धाब्यावर बसवून अथवा अवाजवी घाईने काढणे आणि किरकोळ गैरवर्तनासाठी, मागील सेवा विचारात न घेता, धक्कादायक वाटावी इतकी जबर शिक्षा देणे, या सगळ्या अनुचित प्रथा म्हणून तिथे नमूद आहेत. त्याविरुद्ध कामगार न्यायालयात तक्रार करता येते, अंतरिम आदेशही मागता येतो. पण ही तक्रार घटना घडल्यापासून 90 दिवसांत दाखल व्हावी लागते. सबळ कारण दाखवले तर विलंब माफ होतो, तरी त्या भरवशावर राहू नये. बडतर्फीच्या पत्रावरच्या तारखेपासून 90 वा दिवस कोणता येतो तो आजच कॅलेंडरवर काढून ठेवा. "साहेब बोलणी करतायत, थोडे थांबा" असे म्हणून हेच 90 दिवस घालवण्याची पद्धत जुनी आहे.

दुसरा मार्ग औद्योगिक विवादाचा. कामावरून काढलेल्या एकट्या कामगाराचा वादही कायद्याने औद्योगिक विवादच मानला जातो, त्यासाठी युनियनच्या पाठिंब्याची अट नाही. कामगार आयुक्तालयाच्या नाशिक कार्यालयात समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा आणि 45 दिवसांत तडजोड झाली नाही तर थेट औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जायचे. जुन्या कायद्यात यासाठी बडतर्फीपासून तीन वर्षांची मुदत होती. नव्या संहितेत ती दोन वर्षांची आहे. या मार्गात मुदत ऐसपैस आहे आणि शिक्षा जास्त वाटली तर ती कमी करण्याचा अधिकारही न्यायाधिकरणाला आहे. तुमच्या प्रकरणातली घाई, चौकशीचा अभाव आणि मागणीपत्राची पार्श्वभूमी पाहता पहिला मार्ग मला अधिक योग्य वाटतो. अंतिम निवड मात्र मूळ कागद पाहिलेल्या, रोज कामगार न्यायालयात काम करणाऱ्या वकिलांनी करावी, कारण एका कायद्याखाली प्रकरण दाखल झाले की दुसऱ्याचा रस्ता बंद होतो.

फीची चिंता तुमच्या पत्रात शब्दांत नसली तरी मला दिसते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 प्रमाणे औद्योगिक कामगाराला मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तिथे साधा अर्ज करून वकील मागता येतो. फार थोड्या कामगारांना हे माहीत असते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मागणीपत्राचा मुद्दा एवढ्याने संपत नाही. युनियनचा वाद समेट अधिकाऱ्यापुढे किंवा न्यायाधिकरणापुढे प्रलंबित असताना त्या वादाशी संबंधित कामगाराला गैरवर्तनासाठी काढायचे असेल, तर मालकावर जादा बंधने येतात. गैरवर्तन त्या वादाशी संबंधित असेल तर आधी परवानगी घ्यावी लागते; संबंधित नसेल तर एक महिन्याचे वेतन देऊन त्याच वेळी मंजुरीसाठी अर्ज करावा लागतो. असा अर्जच केला नाही तर बडतर्फी मुळात अमलातच येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी 2002 मध्ये सांगितले. बडतर्फीच्या दिवशी अशी कार्यवाही कायद्याच्या अर्थाने सुरू झालेली होती का, हे तारखांवरून तपासावे लागेल. त्यासाठी मागणीपत्राची प्रत, कामगार कार्यालयाची पत्रे आणि बैठकांच्या नोटिसा युनियनच्या सचिवांकडून घ्या. सूडाचा आरोपही नुसत्या संशयावर टिकत नाही. सह्या कोणत्या दिवशी गोळा केल्या, कोणत्या अधिकाऱ्याने कोणासमोर काय म्हटले, त्याच आठवड्यात इतर कोणाला मेमो मिळाले का, हे आठवून तारखेसह लिहून काढा.

चौकशी झाली नाही म्हणजे आपण जिंकलोच, असे मात्र समजू नका. चौकशी झालेली नसली किंवा सदोष ठरली, तरी मालकाला न्यायालयासमोर पुरावा देऊन गैरवर्तन सिद्ध करण्याची संधी मिळते, हे 1973 पासून सर्वोच्च न्यायालयाचे सुस्थापित मत आहे. फक्त ती मागणी त्याने वेळेवर, आपल्या लेखी कैफियतीत करायला हवी. तेव्हा खरी लढत साक्षीपुराव्याची होणार आहे. फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा इथे लागत नाही, संभाव्यता कोणत्या बाजूला झुकते एवढेच पाहिले जाते. तुमच्या पत्रातला एक तपशील या दृष्टीने मला फार महत्त्वाचा वाटला. सुपरवायझरच्या लेखी तक्रारीत घटनेची वेळ रात्री 9.40 अशी आहे, तर तुम्ही म्हणता की टूल तुटल्याची नोंद तुम्ही मशीनच्या लॉगबुकात 8.55 ला केली आणि वाद लगेच झाला, 9.40 ला तर तुम्ही कँटीनमध्ये होता. लॉगबुक, कँटीनचे कूपन किंवा पंचिंग आणि त्या भागातला सीसीटीव्ही, या तीन गोष्टींवरून उलटतपासणीत बरेच काही बाहेर येऊ शकते. सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांनी पुसले जाते, म्हणून ते जपून ठेवण्याची लेखी मागणी आजच्या आज करा. मागणी करूनही मालकाने चित्रण हजर केले नाही, तर त्याचा अर्थ आपल्या बाजूने लावावा असे न्यायालयाला सांगता येते.

ते पत्र कसे लिहावे याचा नमुना देतो. तुमच्या शब्दांत बदलून घ्या.

"दिनांक अमुकच्या पत्राने मला गैरवर्तनाच्या आरोपाखाली बडतर्फ करण्यात आले आहे. मला आरोपपत्र देण्यात आलेले नाही, चौकशी झालेली नाही आणि साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याची संधी मला मिळालेली नाही. दिनांक तमुकचे निवेदन एचआर विभागात मजकूर सांगून माझ्याकडून लिहून घेण्यात आले असून, मी सुपरवायझरच्या अंगावर धावून गेलो हा त्यातील उल्लेख खोटा आहे व तो मला मान्य नाही. बडतर्फीचा आदेश रद्द करून मला सेवेच्या सातत्यासह व मागील पगारासह कामावर घ्यावे. मी कामावर हजर होण्यास तयार आहे. घटनेच्या दिवशीच्या दुसऱ्या पाळीचे सीसीटीव्ही चित्रण, मशीनचे लॉगबुक व हजेरीच्या नोंदी जतन करून ठेवाव्यात."

"मी कामावर हजर होण्यास तयार आहे" हे वाक्य कोणत्याही परिस्थितीत गाळू नका. बेकायदा ठरलेल्या बडतर्फीनंतर मागील पगार मिळणे हा सर्वसाधारण नियम आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या प्रकरणात म्हटले आहे. पण त्यासाठी आपण काम करायला तयार होतो आणि मधल्या काळात तशी पगाराची नोकरी नव्हती, हे कामगाराने सांगावे लागते. मुलांचे शिक्षण आहे, घर चालवायचे आहे, तेव्हा मिळेल ते काम जरूर करा. तेवढ्याने तुमचा दावा बुडत नाही, फार तर मागील पगाराची रक्कम कमी होईल. कमाई लपवून शपथपत्र करणे मात्र अंगाशी येते.

आता पैशांकडे वळतो. काम केलेल्या दिवसांचा पगार बडतर्फीनंतर दोन कामाच्या दिवसांत द्यावा, असे वेतन संहिता सांगते. तो राजीनाम्याच्या अटीवर अडवून ठेवता येत नाही. शिल्लक राहिलेल्या हक्काच्या रजेचा पगारही बडतर्फ कामगाराला मिळतो. भविष्यनिर्वाह निधीत तुमचा हिस्सा आणि मालकाचा हिस्सा दोन्ही तुमचेच आहेत, आरोप कोणताही असो. आधार व बँक खाते जोडलेले असेल तर त्याचा दावा तुम्ही स्वतः ऑनलाइन करू शकता आणि मालकाने नोकरी सोडल्याची तारीख भरली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तुम्हालाच भरता येते. बोनसच्या बाबतीत जपून राहा. कारखान्याच्या आवारात दंगेखोर किंवा हिंसक वर्तन केल्याबद्दल काढलेला कामगार बोनसला अपात्र ठरतो, म्हणून "अंगावर धावून जाणे" हे शब्द खोडून काढणे याही कारणाने गरजेचे आहे.

ग्रॅच्युइटीचा हिशेब असा. तुमचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून 18,200 रुपये आहेत. त्याला 26 ने भागून 15 ने गुणले की एका वर्षाचे 10,500 रुपये होतात. सहा महिन्यांहून जास्त असलेला शेवटचा तुकडा पूर्ण वर्ष धरला जातो, म्हणून 11 वर्षे 8 महिन्यांची 12 वर्षे होतात आणि रक्कम 1,26,000 रुपये येते. ही रक्कम देय झाल्यापासून 30 दिवसांत द्यायची असते आणि उशीर झाला तर व्याज लागते. बडतर्फ झाले म्हणून ती आपोआप बुडत नाही. कामगाराच्या कृतीने नुकसान झाले असेल तर तेवढ्यापुरती ती कापता येते. दंगा, बेशिस्त किंवा हिंसक कृत्यासाठी, अथवा नोकरी करताना केलेल्या नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यासाठी काढले असेल, तर ती पूर्ण किंवा अंशतः जप्त करता येते. तुमच्यावरचा आरोप यांतल्या मधल्या प्रकारात बसवण्याचा प्रयत्न होईल हे ध्यानात ठेवा. तरीही जप्तीसाठी वेगळी नोटीस, तुमचे म्हणणे ऐकणे आणि कारणांसह लेखी आदेश लागतो. आजपर्यंत असा आदेश तुम्हाला मिळालेला नाही. एचआरने तोंडी दिलेली धमकी म्हणजे आदेश नव्हे. ग्रॅच्युइटीचा लेखी अर्ज आताच द्या. मात्र त्यात "माझ्या हक्कांना बाध न येता" हे शब्द घाला, म्हणजे पैसे घेतले तेव्हा बडतर्फी मान्य केली असे कोणी म्हणू शकणार नाही. याच कारणासाठी 'फुल अँड फायनल' लिहिलेल्या कोणत्याही पावतीवर ती वकिलांना दाखवल्याशिवाय सही करू नका.

पोलिस तक्रारीच्या धमकीने खचू नका. तक्रार करायचीच होती तर ती घटनेच्या दिवशी झाली असती. पोलिसांनी बोलावलेच तर वकिलांना कळवून जा आणि तिथेही कोऱ्या अथवा न वाचलेल्या कागदावर सही करू नका.

तुम्ही विचारलेले नाही, पण मनात असणार म्हणून लिहितो. तडजोड करूच नये असे माझे म्हणणे नाही. कामगार न्यायालयातली प्रकरणे वर्षानुवर्षे चालतात, पुढे उच्च न्यायालयही असते आणि त्या काळात घर चालवायचे असते. उद्या विचारांती तुम्हाला वाटले की त्या कारखान्यात परत जायचे नाही, तर सन्मानाने रक्कम घेऊन बाहेर पडण्यात काही कमीपणा नाही. मात्र ती तडजोड समेट अधिकाऱ्यासमोर किंवा न्यायालयात, लेखी, रकमेचा तपशील देऊन आणि बडतर्फीचा आदेश मागे घेतल्याचे नमूद करून व्हावी. आज समोर ठेवलेल्या देण्यात ग्रॅच्युइटी ही तुमच्याच हक्काची रक्कम आहे. वर मिळतो तो फक्त दोन महिन्यांचा पगार. बारा वर्षांच्या नोकरीवरचा दावा सोडून देण्याची ही किंमत माझ्या मते फार अपुरी आहे.

हे उत्तर वाचणाऱ्यांत मॅनेजर किंवा मोठ्या पगाराचे सुपरवायझर असतील, तर त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की वरचे बहुतेक संरक्षण कायद्याने 'कामगार' ठरणाऱ्यांना आहे. पर्यवेक्षकाचे काम करणारा व महिना 18,000 रुपयांहून जास्त वेतन घेणारा माणूस त्यात येत नाही. मात्र पदनामावरून हे ठरत नाही, प्रत्यक्ष काम कोणते आहे ते पाहिले जाते. 'एक्झिक्युटिव्ह' म्हणवणारे कित्येक जण दिवसभर हातानेच काम करत असतात. जे खरोखरच या व्याख्येबाहेर आहेत त्यांना नेमणूकपत्रातील अटींवर दिवाणी न्यायालयात भरपाई मागावी लागते, नोकरी परत मिळणे दुर्मीळ असते.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. किती काळ व कोणत्या पदावर काम केले याचे सेवेचे प्रमाणपत्र आदर्श स्थायी आदेशांप्रमाणे बडतर्फ कामगारालाही मिळते, तेव्हा हे आदेश तुमच्या कारखान्याला लागू नाहीत असे म्हटले गेले तरी मालकाकडे त्याचीही लेखी मागणी करा. ते दिले नाही, तरी नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा आणि भविष्यनिर्वाह निधीच्या पासबुकातील नोंदी यांवरून तुमचा अनुभव दाखवता येतो. नव्या ठिकाणी मुलाखतीत विचारले तर "सुपरवायझरशी झालेल्या वादावरून चौकशी न करता काढले, त्याविरुद्ध कामगार न्यायालयात दाद मागितली आहे" असे सरळ सांगा. खोटे कारण दिलेत आणि ते पुढे उघड झाले, तर नवी नोकरी त्याच कारणाने जाऊ शकते. सीएनसीवर बारा वर्षे हात बसलेल्या ऑपरेटरची गरज असलेले कारखाने नाशिक परिसरात आहेत. तुम्हाला ओळखणारे जुने फोरमन किंवा क्वालिटी विभागातले कोणी दुसरीकडे गेले असतील तर त्यांना या आठवड्यात फोन करा. पण त्याआधी वरच्या नमुन्यातले पत्र स्पीड पोस्टने पाठवून पावती जपून ठेवा.